दिगू कप्तानाचा नांगर

शापित कप्तानांचा मला मनापासून तिटकारा आहे. सांगलीत राहणाऱ्या आणि उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात घालवलेल्या बाईने असलं वाक्य लिहावं याचं कुणाला नवल वाटेल. कृष्णेला पूर आला की आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत होडी येते, तेवढाच माझा नौकानयनाशी संबंध. पण सध्या माझी नात सई शिरवळहून सुट्टीला आली आहे आणि तिच्या मोबाइलमधल्या खेळात भुताच्या जहाजाचा एक कप्तान आहे. डोळे लाल, दाढीत शिंपले, अंगावर शेवाळ. हा इसम म्हणे तीनशे वर्षं समुद्रात भटकतो आहे, आणि तेवढ्या वेळात त्याला एकदाही आंघोळ करावीशी वाटलेली नाही. जेवताना सई मला त्याची कुळकथा ऐकवते. शाप कुणी दिला, त्याचे खलाशी अर्धे मेलेले आणि अर्धे जिवंत कसे, कितव्या पायरीला त्याची तलवार मिळते. मी भाकरी मोडत 'हं' म्हणते. असल्या कप्तानांना मी चांगली ओळखून आहे. त्यांच्यातला एक आमच्या माणदेशातल्या घरी, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे दर वर्षी दीड महिना मुक्कामाला असायचा.

आमचं गाव दहिवडीच्या पलीकडे. गाव म्हणजे माळ, माळावर कुसळं, आणि कुसळांवर तोंड मारणारी मेंढरं. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेलं. आजोबांनी चार पैसे साठवून खडकाळ तुकडा घेतला, तेव्हा आमच्या घरात पहिला नांगर आला. त्यामुळे त्या नांगराचा घरात भलताच मान होता. तो वर्षभर आढ्याला टांगलेला असायचा, दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं आणि त्याच्याखालून जाताना आई पदर सावरायची. देवाला सावरत नसे इतका. माझे वडील, म्हणजे आबा, यांनी मात्र जन्मात नांगर धरला नाही. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन उसाच्या मुलखाकडे जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं आणि येत नाही याचा त्यांना अभिमान होता. बायकांनी नांगराला हात लावायचा नाही, लावला तर पाऊस रुसतो, असा नेम होता. आमच्याकडे पाऊस तसाही कायमचा रुसलेला, त्यामुळे आणखी रुसून त्याने काय केलं असतं कोण जाणे. पण नेम तो नेम. घरात आई, माझी चुलती येसूकाकी आणि मी. तीन धडधाकट बायका आणि टांगलेला नांगर. भुईत फाळ घालायला घरात एकच माणूस होता, आणि तो मुंबईत होता.

तो म्हणजे येसूकाकीचा नवरा, माझा चुलता गणपततात्या. तात्या गोदीत कामाला आहे एवढंच आम्हांला ठाऊक. तो दर वर्षी मृगाच्या आधी रजा काढून यायचा. अंगात निळी डगली, डोळ्यांवर गॉगल, हातात सुकटीचं गाठोडं. त्या सुकटीचा वास घरात शिरला की आठ दिवस मुक्काम सोडायचा नाही. एरवी आमचं खाणं म्हणजे हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. तात्या आला की तव्यावर सुकट चरचरायची आणि मांजरं वेशीपासून चालत यायची. त्याच्या तळहातांच्या रेघांत तांबूस रंग बसलेला असायचा, कितीही घासला तरी न जाणारा. मला तो पानाच्या काताचा वाटायचा. मुंबईत बसून दिवसभर पानं चघळतो आणि इथे येऊन फुशारक्या मारतो, असं माझं पंधराव्या वर्षीचं ठाम मत होतं. माझी त्या वयातली सगळीच मतं ठाम होती.

फुशारकी एकाच गोष्टीची. ती दर वर्षी तीच असायची आणि दर वर्षी गाव ती तोंडाचा आ वासून ऐकायचं. मेंढरांची कातरणी चालायची तेव्हा आमच्या दारातल्या लिंबाखाली माणसं जमायची. कात्र्यांची करकर, मेंढरांचं बें-बें, लोकरीचा तो ओशट वास, आणि मधोमध तात्या. दिगू नावाचा एक कप्तान होता. परदेशी होता, पण नाव दिगू, त्यामुळे गावाला तो आपल्यातलाच वाटायचा. कुणी तर त्याचं आडनावही विचारायचं. भर समुद्रात त्याला एक गलबत भेटलं. त्यातली माणसं तहानेनं मरायला टेकलेली. दिगू कप्तानाकडे गोड्या पाण्याची पिपं भरलेली, पण त्याने एक तांब्याही दिला नाही. त्या गलबतावर एक म्हातारी होती. तिने मरता मरता शाप दिला, तुझा नांगर कधी भुईला लागायचा नाही. दुसऱ्या दिवशी पिपातलं पाणी खारट झालं. खलाशी सुकटीसारखे वाळले, पण मेले नाहीत. तेव्हापासून दिगू कप्तान बंदरा-बंदराला येतो, नांगर सोडतो, साखळी खळखळत खाली जाते, जातच राहते, आणि तळ काही लागत नाही. मग तो साखळी वर ओढतो आणि पुढच्या बंदराला जातो. हे जहाज आपण धुक्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, असं तात्या गळ्याची शपथ घेऊन सांगायचा.

आता गंमत बघा. आमच्या गावात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. नांगर म्हटलं की त्यांच्यापुढे एकच नांगर, बैलांचा. भुईला नांगर लागत नाही हे दुःख मात्र त्यांना आतड्यापासून कळायचं. मृग उलटून गेला आणि जमीन पडीक राहिली तर घराचं काय होतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यामुळे शाप आणि वाळलेले खलाशी सोडून सगळे हळहळायचे ते कप्तानाच्या पेरणीसाठी. एवढं पाणी चहूबाजूंनी आणि माणसाला एक वाफा करता येईना. म्हातारे दगडूनाना, जे सगळ्या गावाची मेंढरं कातरायचे, ते तर कात्री खाली ठेवून उसासा टाकायचे. मला त्या सगळ्यांची कीव यायची. कीव हा सभ्य शब्द झाला. मला त्यांचा राग यायचा, आणि सगळ्यांत जास्त येसूकाकीचा. ती दाराच्या आड बसून लोकर पिंजत ऐकायची, गोष्ट साखळी खाली जाते तिथे आली की तिचे हात थांबायचे, आणि दर वर्षी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा ती आईला म्हणाली होती, विहिरीत पोहरा सोडावा, दोर संपावा आणि पाणी लागू नये, तसं होत असंल बिचाऱ्याला. एका न जन्मलेल्या परदेशी माणसासाठी माझी काकी रडत होती आणि तिचा नवरा बिडी ओढत रंगात येऊन पुढचं सांगत होता. कशात काय आणि फाटक्यात पाय.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मी दहावी पास झाले. गावात पास झालेली मी एकटीच मुलगी, त्यामुळे माझं डोकं किती वर गेलं असेल ते सांगत नाही. मला साताऱ्याला अध्यापक विद्यालयात जायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. अर्ज मुदतीच्या आत, पालकाला बरोबर घेऊन, स्वतः जाऊन भरायचा होता. आबांना लिहिता येत नव्हतं, कचेरी म्हटली की त्यांना घाम फुटायचा, आणि कातरणी सोडून ते हलणार नव्हते. बरं, मुलगी शिकली काय अन् न शिकली काय, मेंढरांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण त्यांनी एक कबूल केलं. गणपत नेणार असेल तर जा. गणपत मुंबईला राहतोय, चार माणसांत वावरतोय, त्याला वाट माहीत असणार. म्हणजे माझं सगळं भवितव्य त्या गॉगलवाल्या माणसाच्या गळ्यात. तात्या म्हणाला, नेतो की, साताऱ्यात आपली वळख हाय. आणि मग रोज उद्यावर ढकलायला लागला. आज शेजाऱ्याकडून पैऱ्याची, अदलाबदलीची बैलं मिळाली आहेत, दोन दिवसांत नांगरून घेतो. आज बांधावरचे दगड काढतो. आज कातरणीला माणसं येणार. मुदतीला तीन दिवस राहिले, मग दोन. मी रोज सकाळी वेणी घालून, पिशवी भरून तयार, आणि तात्या मळलेल्या पायांनी शेताकडे.

त्या दिवशी दुपारी लिंबाखाली पुन्हा दिगू कप्तान निघाला. मी घरात पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दगडूनानांनी विचारलं की कप्तानाच्या नांगराला बैलं किती लागत असतील. बैलं नाहीत नाना, वारा ओढतो, तात्या म्हणाला. आणि फाळ? फाळ ह्या दाराएवढा, असं म्हणून त्याने आमच्या घराच्या दाराकडे हात केला. सगळ्यांनी माना वळवून दार बघितलं आणि दारात मी दिसले. तात्या हसला आणि सहज म्हणाला, "दहावी झालेल्या पोरीला काय कळायचं समुद्रातलं."

मी आत गेले आणि भूगोलाचं पुस्तक घेऊन आले. त्यात बंदराचं चित्र होतं: धक्का, दीपगृह, डोलकाठी आणि नांगर, प्रत्येकापुढे बाण काढून नाव लिहिलेलं. ते उघडलेलं पान मी हात लांब करून तात्याच्या नाकासमोर धरलं. मला आजही तो माझा हात दिसतो आणि त्या हाताला काय करावं कळत नाही.

"तात्या, जहाजाच्या नांगराला फाळ नसतो. रुमणं नसतं. ह्यो बघा, आकडा असतो आकडा. तुमी जहाज बघितलंय तरी का कवा?"

कात्र्या थांबल्या. दगडूनानांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं, चित्र बघितलं आणि खदाखदा हसायला लागले. मग सगळेच. दाराएवढा फाळ, दाराएवढा फाळ, असं म्हणत लोक गुडघ्यांवर थापा मारायला लागले. बारा वर्षं त्यांना रडवणाऱ्या माणसावर त्यांनी एका घटकेत उट्टं काढलं. तात्याने पुस्तक परत घेतलं. ते चित्र त्याने पुष्कळ वेळ बघितलं, मग मान वर करून दाराच्या आडोशाला काकी बसली होती तिकडे बघितलं. मला वाटलं आता तो काहीतरी थाप मारणार. तो म्हणाला, "पुस्तकात असंल तर खरंच असंल." आणि उठून शेताकडे गेला. मी जिंकले होते. तो जिंकण्याचा आनंद किती वेळ टिकला म्हणता? आबा मेंढरू सोडून उठेपर्यंत.

आबांनी एवढंच केलं की दोन आणि दोन चार मांडले. ते अडाणी होते, पण हिशेबाला पक्के. माझ्याकडे न बघता ते आईला म्हणाले, "जहाजाचं खोटं सांगणारा साताऱ्याचं खरं कशावरनं सांगत असंल? पोरगी कुटं जायाची न्हाई." मी तोंड उघडलं, पण बोलणार काय? तात्या खोटारडा नाही म्हणावं तर आत्ताच मी पुस्तक नाचवलं होतं. खोटारडा आहे म्हणावं तर मग त्याच्याबरोबर जायचं कशाला? हातात शस्त्र आल्यावर आधी स्वतःचं बोट कापून घेणारी माणसं असतात. मी तीच. पुढे शाळेत माझ्या पुढ्यात किती हुशार मुली आल्या, बोट वर करून दुसऱ्याची चूक दाखवायला टपलेल्या. त्यांच्यावर मी कधी प्रेम करू शकले नाही, त्याचं कारण हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी रिकामी करायला घेतली. आबा ओट्यावर चहा पीत होते. आणि तेव्हा येसूकाकी बोलली. थोरल्या दिराशी थेट बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. काकी बारा वर्षांत आबांशी एक अक्षर बोलली नव्हती. जे काही सांगायचं ते ती आईला सांगायची आणि आबा ते ऐकलं नाही असं दाखवून ऐकायचे. तिने पदर पुढे ओढला, आईकडे तोंड केलं आणि आबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आक्का, सांगा तेस्नी. माणूस कप्तानाचं खोटं सांगत असंल. पर बारा वर्सांत मिरगाआधी आला न्हाई, असं एक साल दावा म्हणावं."

आबांनी बशीतला चहा संपवला. दुसरी बशी ओतली. मग आईला म्हणाले, "त्येला म्हणावं, सांच्यापातूर पोरगी घरात पायजे." मी बाहेर बघितलं तर तात्या आधीच वाटेवर उभा होता. गॉगल नव्हता. पायांना शेताची माती होती; पहाटे उठून त्याने राहिलेला कोपरा नांगरून टाकला होता.

साताऱ्यापर्यंतच्या एसटीत आम्ही एका बाकावर बसलो, मधे माझी पिशवी. विद्यालयाच्या खिडकीपाशी रांग होती. आमची पाळी आली तेव्हा कारकुनाने मान वर न करता माझं नाव, गाव, जन्मतारीख विचारली. मग पालकाचा धंदा विचारला. मी मनातल्या मनात डोळे मिटले. आता इथे दिगू कप्तान निघणार, असं मला वाटलं.

"गोदीत हाय. सुक्या गोदीत," तात्या म्हणाला. "जहाजाच्या नांगराचा गंज काढतो."

कारकुनाने मान वर केली. नांगर म्हणजे शेती आहे का काही, असं त्याने विचारलं, कारण शेती असली तर वेगळा रकाना होता.

"शेतीचा न्हाई साहेब, जहाजाचा. त्येला फाळ नसतोय. मधी दांडा, खाली दोन बाजूंनी दोन आकडं, वर साखळी. त्या साखळीची एकेक कडी उचलायला दोन माणसं लागत्यात. हातोड्यानं ठोकून ठोकून गंज काढायचा, मग रंग लावायचा. बारा वर्सं त्येच करतोय."

कारकुनाने रकान्यात 'मजूर' लिहिलं आणि कागद पुढे केला. तात्याने सही केली. त्याचा हात माझ्या तोंडासमोर होता आणि मी तो पहिल्यांदा नीट बघितला. तळहाताच्या रेघांत जे तांबूस बसलं होतं, तो कात नव्हता.

मला वाटतं त्या खिडकीपाशी मी जेवढी लहान झाले तेवढी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही. तसे नंतरही प्रसंग आले. पण ते सगळे त्या मापाने मोजले तर छोटेच निघतात. स्टँडवर तात्याने मला चहा पाजला, काकीसाठी पाव किलो कंदी पेढे घेतले आणि पुडा डगलीत ठेवला. गाडीला वेळ होता. मी शेवटी विचारलं की काल सगळे हसत होते तेव्हा हे का नाही सांगितलंत.

तात्याने बिडी काढली, पेटवली नाही. तो म्हणाला, "लगीन झालं त्या साली तुझ्या काकीनं इच्यारलं, कप्तानाचा नांगर आपल्यावानीच का वो? म्या व्हय म्हणलं. मिरूग तोंडावर येतोय, नांगर आढ्याला, हात लावायची सोय न्हाई, आन म्या मुंबईला. ती बसती वाट बघत. तिला वाटलं, आपल्यावानी आजून कुणाचा तरी नांगर अडलाय. तिला बरं वाटलं बग. मग त्यो आकडा कशाला सांगत बसू?"

आणि भुताचं जहाज, असं मी विचारलं. ते खोटंच की, तात्या हसून म्हणाला, भूत कुठं असतंय, सोबतीला एक कोकणातला म्हातारा होता त्याची गोष्ट.

आता मला सांगा, अशा माणसाचा तिरस्कार करायचा तरी कसा? मी प्रयत्न करून पाहिला. गॉगलचा केला, डगलीचा केला, सुकटीचा केला. पण जो मुळात करायचा होता तो माझ्याच गळ्यात पडला. आणि हेही सांगते की मी घरी परतल्यावर लिंबाखाली उभी राहून सगळ्यांना खरं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पुस्तक घेऊन धावत बाहेर येणारे पाय तेव्हा मात्र जड झाले. गावाने तात्याला 'दाराएवढा' असं नाव ठेवलं आणि ते मरेपर्यंत त्याला चिकटलं. तो दर वर्षी मृगाआधी येतच राहिला, नांगरत राहिला, पण लिंबाखाली पुन्हा कधी बसला नाही. कातरणीला माणसं यायची, कात्र्या करकरायच्या, आणि मधली जागा रिकामी असायची. दगडूनाना हसून हसून थकले की उगाच दाराकडे बघत बसायचे. त्यांनाही ती गोष्ट हवी होती. पण मागणार कोणत्या तोंडाने?

पुढच्या वर्षी मी सुट्टीला घरी आले तेव्हा साताऱ्याचं पाणी अंगात भिनलं होतं. बोलणं बदललं होतं, 'हाय'चं 'आहे' झालं होतं. मृग जवळ आला होता आणि तात्या अजून यायचा होता. येसूकाकी लोकर पिंजत होती. वर आढ्याला नांगर. तिने हात न थांबवता मला विचारलं, "सुमे, त्या दिगू कप्तानाचं फुडं काय झालं गं? तुमच्या पुस्तकात असंल की." मी तिला समजावून सांगितलं, काकी, असं काही नसतं, त्या अडाणी लोकांच्या कल्पना असतात. शिकलेल्या माणसाने अडाणी माणसाशी बोलावं तशा गोड, सावकाश आवाजात सांगितलं. काकी म्हणाली, "बरं." आणि पिंजायला लागली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तात्या गेला, मग काकी गेली. तो नांगर कुणी जाळला का विकला मला ठाऊक नाही. काकीला देण्यासारखं माझ्याकडे एकच वाक्य होतं, लागला गं त्याचा नांगर भुईला, आणि ते मी दिलं नाही. तहानेल्या गलबताला पाणी नाकारणाऱ्या माणसाची गोष्ट मी दहा वेळा ऐकली होती. ऐकून मला काडीचं कळलं नव्हतं.

मघाशी सईने जेवता जेवता मोबाइल माझ्यापुढे धरला. तिचा तो शेवाळलेला कप्तान कठड्यावर उभा होता आणि खाली साखळी सुटत होती. हा खेळ ज्यांनी बनवला त्यांच्या अकलेबद्दल मला काय वाटतं ते मी इथे लिहीत नाही. सई म्हणाली, आजी, अँकरला मराठीत काय म्हणतात? मी सांगितलं, नांगर.

तिने घास थांबवला. नांगर तिला माहीत आहे. शिरवळला हायवेच्या कडेला ट्रॅक्टरच्या दुकानात रांगेने लावलेले असतात. शेतातला असतो तसाच का, असं तिने विचारलं. चौतीस वर्षं मी फळ्यावर बंदराचं चित्र काढलं आहे, बाण काढून नावं लिहिली आहेत, चुकणाऱ्या मुलींना उभं केलं आहे.

"व्हय," मी म्हणाले. "तसाच."

"आणि केवढा असतो?"

"दाराएवढा."